इराकमधली छोटी ग्रुप टूर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या टूरमध्ये किती माणसं असतात आणि नेमकं कुठे कुठे जातात?

साधारण आठ ते बारा पर्यटक, एक मिनीबस, ड्रायव्हर आणि इराकी गाइड. बऱ्याच कंपन्या सोबत स्वतःचा टूर लीडरही देतात. बगदादला दोन-तीन मुक्काम, तिथून दिवसभराची सामर्राची फेरी, मग दक्षिणेला बॅबिलॉन, कर्बला, नजफ, नासिरियाजवळचं ऊर आणि चिबायिशचा पाणथळ प्रदेश, असा आठवड्याचा ठरलेला रस्ता आहे. लांबच्या टूर पुढे उत्तरेला मोसुल, हत्रा, लालिश आणि एर्बिलला जातात.

नकाशावर अंतरं फसवी वाटतात. बगदाद ते सामर्रा सव्वाशे किलोमीटर, म्हणजे दीड-दोन तास, असा हिशोब इथे चालत नाही. सुरक्षा तपासणीच्या नाक्यावर किती थांबावं लागेल, त्यावर सगळं ठरतं. बगदाद ते मोसुल हे चारशे किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस प्रवासातच गेला, असं धरून चाला.

आत्ता जाणं सुरक्षित आहे का?

याचं एका शब्दात उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इस्लामिक स्टेटचा लष्करी पराभव झाल्याची घोषणा इराक सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये केली. त्यानंतरच्या काळात शहरांमधलं रोजचं जगणं रुळावर आलं आणि पर्यटक येऊ लागले. तरीही अनेक देशांची परराष्ट्र खाती आपल्या नागरिकांना इराकच्या मोठ्या भागात जाऊ नका असंच सांगत आली आहेत. आपल्या देशाची सूचना पैसे भरण्याआधी एकदा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचा. देश एकच असला तरी प्रांतानुसार सूचना वेगळी असू शकते, त्यामुळे आपल्या कार्यक्रमातलं प्रत्येक गाव त्यात शोधा.

शेजारच्या देशांत पेटलं की इराकचं आकाश बंद होतं. जून २०२५ मध्ये इस्रायल आणि इराण यांच्यात संघर्ष सुरू झाला तेव्हा इराकने आपली हवाई हद्द बंद केली आणि परतीची विमानं रद्द झाली. अशा वेळी बाहेर पडायचा मार्ग जमिनीवरून असतो. तो कोणत्या सीमेवरून, कुणाच्या गाडीने आणि कुणाच्या खर्चाने, हे कंपनीला आधीच विचारून ठेवा.

मात्र टूरवर प्रत्यक्षात त्रास होतो तो बहुतेक वेळा साध्याच गोष्टींचा: महामार्गावरचे अपघात, ऊन आणि बिघडलेलं पोट. मिनीबसच्या सीटांना पट्टे आहेत का आणि ड्रायव्हर रात्री गाडी चालवणार आहे का, हे प्रश्न कमी नाट्यमय वाटले तरी जास्त उपयोगाचे आहेत.

नेहमीचा प्रवास विमा चालेल का?

बहुतेक वेळा नाही. ज्या भागात जाऊ नका असं सरकारने सांगितलं आहे, तिथे झालेलं काहीही साध्या पॉलिसीत धरत नाहीत, आणि युद्धाचं कलम वेगळंच असतं. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. क्लेम नाकारताना कारण युद्धाशी जोडलेलं असावं लागतंच असं नाही. पॉलिसीत तो भागच वगळलेला असेल, तर हॉटेलच्या जिन्यावर पाय मोडला तरी पैसे मिळणार नाहीत.

जोखमीच्या देशांसाठी वेगळा विमा मिळतो, महाग असतो. त्यात तीन गोष्टी लेखी बघा: इराकचं नाव घालून संरक्षण दिलं आहे का, आजारी माणसाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरला आहे का, आणि टूर सुरू असताना सरकारी सूचना बदलली तर संरक्षण चालू राहतं का. फोनवरच्या ‘हो हो, कव्हर आहे’ला काही किंमत नाही.

व्हिसा कसा काढायचा?

२०२१ पासून बऱ्याच देशांच्या नागरिकांना विमानतळावर उतरल्यावर व्हिसा मिळू लागला होता. २०२५ पासून आधी ऑनलाइन ई-व्हिसा काढून निघावं लागतं. तुमच्या पासपोर्टला तो लागू आहे का, हे सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. नसेल तर टूर कंपनीमार्फत मंजुरी काढावी लागते आणि त्याला वेळ लागतो. विमानाचं तिकीट त्याआधी काढू नका. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने हवी. इस्रायलला जाऊन आल्याची कुठलीही खूण पासपोर्टवर असेल तर प्रवेश नाकारला जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कुर्दिस्तानचा. एर्बिल आणि सुलेमानिया ज्या स्वायत्त प्रदेशात येतात, त्याचा व्हिसा वेगळा असतो आणि तो बगदाद, मोसुल किंवा बसऱ्याला चालत नाही. एर्बिलहून मोसुल जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. म्हणून लोक स्वस्त विमानाने एर्बिलला उतरतात आणि मधल्या नाक्यावरून परत पाठवले जातात. टूर दोन्हीकडे जाणार असेल तर कोणता व्हिसा, कोणत्या क्रमाने, हे कंपनीकडून लेखी घ्या.

कंपनी चांगली आहे हे कसं ओळखायचं?

वेबसाइटवरच्या फोटोंवरून काहीच कळत नाही. ईमेल पाठवा आणि हे विचारा: इराकमधलं प्रत्यक्ष काम कोणती इराकी संस्था करते? गाइड परवानाधारक आहे का आणि तो मूळचा कुठला आहे? मागच्या टूरमध्ये कोणतं ठिकाण बघता आलं नाही आणि का? बुकिंगची रक्कम कोणत्या परिस्थितीत परत मिळते?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं. ‘आमच्या टूरमध्ये असं कधी होत नाही’ असं कुणी म्हणालं तर तो एक तर नवा आहे किंवा खरं सांगत नाही. परत मिळणाऱ्या पैशांच्या अटींमध्ये ‘सरकारी सूचना बदलल्यास’ आणि ‘विमानसेवा रद्द झाल्यास’ ही दोन वाक्यं वेगवेगळी शोधा. पहिलं असतं, दुसरं बहुतेकदा नसतं.

कार्यक्रमात लिहिलेलं सगळं बघायला मिळेल का?

बहुधा नाही, आणि याची मनाची तयारी घरून करून निघालेलं बरं. मोठ्या धार्मिक दिवसांना रस्ते बंद होतात. एखाद्या प्रांताची परवानगी त्या सकाळी येत नाही. पुरातत्त्व स्थळाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस जेवायला गेलेला असतो. वसंतात धुळीची वादळं येतात. २०२२ च्या वसंतात ती इतकी लागोपाठ आली की विमानतळ पुन्हा पुन्हा बंद ठेवावे लागले.

चिबायिशचंच घ्या. दक्षिणेतले हे पाणथळ भाग १९९० च्या दशकात सद्दामच्या राजवटीने बंधारे आणि कालवे काढून जवळपास कोरडे केले. २००३ नंतर लोकांनी बंधारे फोडले आणि पाणी परत आलं. २०१६ मध्ये त्यांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. पण नद्यांतून वरून येणारं पाणी कमी झालं की नावेचे रस्ते आटतात. चांगल्या वर्षी बोरूच्या भिंतींमधून तासभर नाव फिरते, म्हशी पोहत आडव्या जातात. वाईट वर्षी नाव गाळात रुतते, नावाडी उतरून ढकलतो, आणि मग सरळ बोरूच्या मुदीफमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या लांबलचक कमानदार घरात, चहा पिऊन परत यावं लागतं. कोणत्याही कंपनीला याची हमी देता येत नाही.

चांगला गाइड अशा वेळी दुपारपर्यंत दुसरं काहीतरी उभं करतो. तुम्ही पैसे मोजता ते खरं तर त्याच्या या ओळखींचे.

नाक्यांवर काय होतं?

स्थानिक लोक नाक्याला ‘सैतरा’ म्हणतात. दिवसभरात पाच-दहा लागतात. कुठे लष्कर, कुठे संघराज्य पोलीस, कुठे २०१४ मध्ये उभ्या राहिलेल्या हश्द अल्-शाबी या निमलष्करी दलाची माणसं, तर कुर्दिस्तानात पेशमर्गा, म्हणजे कुर्दी सैनिक. एकाने सोडलं म्हणून पुढचा सोडेलच असं नाही. प्रत्येकाचा वरिष्ठ वेगळा असतो.

गाडी हळू होते, काचा खाली जातात, पडदे बाजूला सारतात, रात्र असेल तर आतला दिवा लागतो. गाइड ग्रुपची यादी आणि पासपोर्ट पुढे करतो. तुम्ही करायचं ते इतकंच: फोन मांडीवर उलटा ठेवा, गॉगल काढा, कुणी ‘सलाम’ म्हटलं तर उत्तर द्या, आणि गप्प बसा. मदत करायला म्हणून अरबीत चार वाक्यं बोलून दाखवणारा प्रवासीच जास्त वेळ खातो, कारण मग हा कोण, अरबी कुठे शिकला, हे प्रश्न सुरू होतात.

पासपोर्ट आणि व्हिसाच्या आठ-दहा रंगीत झेरॉक्स प्रती सोबत ठेवा. काही नाके प्रत ठेवून घेतात, आणि रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान शोधण्यात तास जातो. कधी कधी गाडी बाजूला घ्यायला सांगतात आणि कुणीतरी कुणाला तरी फोन लावत राहतो. वीस मिनिटं लागतात, क्वचित दोन तास. नाक्याला लागायच्या आधीच्या पेट्रोल पंपावर स्वच्छतागृहात जाऊन घ्या.

पैसे कसे न्यायचे?

रोख डॉलर. मोठ्या शहरांत एटीएम आहेत आणि मोठ्या हॉटेलांत कार्ड चालतं, पण त्यावर टूर काढता येत नाही.

नोटा नव्या, कोऱ्या, शंभरच्या हव्यात. मधोमध घडी पडलेली, कोपरा फाटलेली, शाईचा ठिपका किंवा बँकेचा शिक्का असलेली नोट सराफ बोटाने परत सरकवतो. घेतलीच तर कमी भावाने. शंभरच्या नोटेला बाजारात ‘वरका’ म्हणतात, म्हणजे पान, आणि भावही एका वरक्याचाच बोलतात. सरकारी दर फेब्रुवारी २०२३ पासून एका डॉलरला १,३०० दिनार आहे. रस्त्यावरच्या सराफाकडे त्याहून जास्त मिळतात. दोन दरांमधली ही दरी रोज बदलते, म्हणून एकदम सगळे बदलून घेऊ नका. पन्नास-वीसच्या नोटांना भाव कमी लागतो.

दिनारची सर्वांत लहान नोट २५० ची, मोठ्या २५,००० आणि ५०,००० च्या. किंमत सांगताना ‘हजार’ बहुतेकदा गाळतात, तेव्हा दुकानदार ‘पाच’ म्हणाला की ते पाच हजार. २५० आणि २५,००० घाईत हातातून अदलाबदल होतात. पाकिटाचे दोन कप्पे करा.

परदेशी माणसाला बहुतेक मोठ्या पुरातत्त्व स्थळांवर साधारण २५,००० दिनार तिकीट पडतं. हे टूरच्या किमतीत धरलं आहे की नाही ते विचारा. नसेल, आणि दुपारचं जेवणही नसेल, तर दहा दिवसांसाठी तीनशे ते चारशे डॉलर वेगळे ठेवा. गाइड-ड्रायव्हरची बक्षिसी त्यात नाही.

कपडे कोणते?

पुरुषांना पूर्ण पँट, बाह्यांचा शर्ट. बायकांना मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत सैल कपडे आणि गळ्यात एक ओढणी. बगदादच्या रस्त्यावर डोकं झाकलंच पाहिजे असं नाही.

नजफ, कर्बला आणि बगदादमधलं काधिमिया इथल्या दर्ग्यांत मात्र बायकांना काळा अबाया, म्हणजे पायघोळ झगा, लागतो आणि केस पूर्ण झाकावे लागतात. दाराशी उसना मिळतो, पण तो अनेकांनी वापरलेला असतो आणि पायात अडकतो. बाजारात स्वतःच्या उंचीचा घेतलेला बरा. आत जाताना तपासणी स्त्री-पुरुषांची वेगळी होते. बूट ‘कीशवानिया’वर द्यायचे, बदल्यात नंबरचा बिल्ला मिळतो. दारं अनेक आहेत आणि सगळी सारखीच दिसतात, त्यामुळे आत शिरताना दाराच्या नावाचा फोटो काढून ठेवा. नजफमध्ये अनवाणी हरवलेले पर्यटक ही नेहमीची गोष्ट आहे. मोठा कॅमेरा आत नेऊ देत नाहीत. फोन बहुधा चालतो.

लालिश हे यझिदी या अल्पसंख्याक धर्मसमुदायाचं सर्वांत पवित्र स्थान. तिथे सगळ्या परिसरात अनवाणी फिरायचं आणि उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. आपल्याकडे हे वेगळं शिकवावं लागत नाही.

फोटो कशाचे काढू नयेत?

नाके, सैनिक, गणवेशातला कुणीही, सरकारी इमारती, पूल, विमानतळ, दूतावास. चालत्या गाडीतून फोन काचेला लावून व्हिडिओ घेणं ही सर्वांत महाग सवय आहे, कारण पुढच्या वळणावर नाका असतो. ड्रोन आणूच नका, विमानतळावर जप्त होईल. लांब पांढरी लेन्स दिसली की पत्रकार समजून चौकशी होते.

आठवण म्हणून एखादी खापरी उचलली तर?

मुळीच उचलू नका. या पानावरचा हा सर्वांत गंभीर मुद्दा आहे.

ऊर, एरिडू, उरुक या प्राचीन शहरांच्या ठिकाणी जमिनीवर चार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यांच्या खापऱ्या खडीसारख्या पसरलेल्या असतात. पायाखाली कुरकुरतात. कुंपण नाही, पाटी नाही, राखणदार दूर सावलीत. कधी कधी तोच हातात एखादी ठेवतो. त्यामुळे इथे कुणाला काही वाटत नसावं असा समज होतो.

२०२२ मध्ये एरिडूहून अशा डझनभर खापऱ्या सामानात ठेवलेल्या एका ज्येष्ठ ब्रिटिश पर्यटकाला बगदादच्या न्यायालयाने पंधरा वर्षांची शिक्षा सुनावली. तोही छोट्या ग्रुप टूरवरच आला होता. पुढे वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि तो सुटला, पण तोपर्यंत काही महिने कोठडीत गेले. २००२ चा पुरातत्त्व कायदा कडक आहे. निघायच्या आदल्या रात्री बुटांच्या तळव्यात अडकलेलेसुद्धा तुकडे काढा, बॅगेचे बाहेरचे कप्पे झटका. बाजारातून ‘जुनं’ म्हणून विकत घेतलेलं नाणं किंवा मुद्रा हीच भानगड आहे.

सुरुंगांचा धोका खरंच आहे का?

आहे, पण तो टूरच्या नेहमीच्या रस्त्यावर नाही, रस्ता सोडला की आहे. १९८०-८८ च्या युद्धातले सुरुंग इराणच्या सीमेलगत अजून आहेत. इस्लामिक स्टेटने मागे सोडलेले स्फोटक सापळे उत्तरेकडे घरांत, शेतांत सापडत राहतात. लाल त्रिकोण, कवटीचं चित्र, लाल रंगवलेले दगड दिसले की तिथेच थांबा आणि आल्या पावलांवर पाय ठेवत मागे या. लघवीसाठी गाडी थांबली की डांबराच्या कडेलाच उभं राहा. आडोशाला, मोडक्या भिंतीमागे जाऊ नका. लाज वाटली तरी.

मोसुलमध्ये कसं वागावं?

जुनं मोसुल टायग्रिसच्या पश्चिम काठावर आहे. जून २०१४ ते जुलै २०१७ शहर इस्लामिक स्टेटच्या ताब्यात होतं आणि सर्वांत भीषण लढाई याच गल्ल्यांत झाली. अल्-नूरी मशीद आणि तिचा कललेला हदबा मिनार २१ जून २०१७ ला उडवून देण्यात आला. युनेस्कोने २०१८ मध्ये शहराच्या पुनर्बांधणीचा उपक्रम हाती घेतला. संयुक्त अरब अमिरातीच्या पैशातून मशीद आणि मिनार पुन्हा उभे राहिले, ढिगाऱ्यातून वेचलेल्या जुन्या विटा वापरून, आणि कलही तसाच ठेवून. २०२५ मध्ये त्यांचं उद्घाटन झालं.

या दुरुस्त झालेल्या वास्तूपासून दोन गल्ल्या पलीकडे छत नसलेली घरं आहेत. त्यांना मालक आहेत. कुणी परत येऊन एक खोली बांधून राहतंय, कुणाचे नातेवाईक तिथेच गेले. पडक्या घरासमोर पोज देऊन उभं राहू नका, आणि दार नाही म्हणून आत शिरू नका. दाराशी कुणी बसलं असेल तर आधी नमस्कार, मग गाइडमार्फत परवानगी, मग कॅमेरा. चहाला बोलावलं तर पहिल्यांदा छातीवर हात ठेवून नको म्हणा. पुन्हा आग्रह झाला तर बोलावणं मनापासूनचं आहे.

‘तुमचं कोण गेलं?’ हा प्रश्न तुम्ही विचारू नका. सांगायचं असेल तर माणूस स्वतः सांगतो, आणि तेव्हा मधे न बोलता ऐका. सुन्नी की शिया, हेही विचारायचं नाही. ‘हे दुकान केव्हा परत उघडलं?’ असं विचारलं तर गोष्टी आपोआप निघतात.

एकट्या बाईने यावं का?

येतात, आणि मिश्र ग्रुपमध्ये अडचण कमी येते. खोली दुसऱ्या स्त्रीसोबत वाटून घेणार की एकटीची जादा रक्कम भरणार, हे आधी ठरवा. चहाच्या जुन्या दुकानांत सगळे पुरुषच दिसतील. परदेशी पाहुणी म्हणून जागा करून देतात. संध्याकाळी एकटीने गल्लीत फिरणं टाळा.

जेवणाचं काय? शाकाहारी माणसाचं कसं होईल?

नीट होतं, फक्त तेच तेच खावं लागतं. मसुराचं सूप, फलाफल, वांगं, हुमुस, भात, बामिया या भेंडी-मटणाच्या रश्श्यातलं मटण बाजूला काढून भेंडी (शुद्ध शाकाहारी असाल तर तेही नाही, रस्सा मटणाचाच असतो). सकाळी ‘काही’ (हे पदार्थाचं नाव) आणि ‘गैमर’, म्हणजे पापुद्र्याची पोळी आणि म्हशीच्या दुधाची जाड साय, वर पाक.

समून नावाच्या होडीच्या आकाराच्या पावात फलाफल भरतात आणि त्यावर पिवळं आंबट लोणचं ओततात. त्याला इराकी लोक ‘अंबा’ म्हणतात. कैरीचंच आहे. शब्द आणि पदार्थ दोन्ही समुद्रावरून आपल्याकडून गेले.

मांसाहारी असाल तर मस्गूफ: मासा पाठीकडून उघडून जाळाशेजारी उभा भाजतात. तासभर लागतो, त्यामुळे भूक लागण्याआधी ऑर्डर द्या. पाणी बाटलीचंच प्या. दारू संघराज्य इराकमध्ये, म्हणजे कुर्दिस्तान सोडून बाकी देशात, २०२३ पासून कायद्याने बंद आहे. कुर्दिस्तानात मिळते.

कधी जावं?

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेत पारा ५० अंशांजवळ जातो आणि ऊरच्या पायऱ्यांवर हात टेकवत नाही. अरबईनच्या, म्हणजे इमाम हुसेन यांच्या शोकाच्या चाळिसाव्या दिवसाच्या सुमाराला लाखो यात्रेकरू कर्बल्याला चालत येतात, हॉटेल मिळत नाही आणि रस्ते त्यांचेच असतात. ही तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. रमजानमध्ये टूर निघतात, पण दुपारचं जेवण खोलीतल्या बिस्किटांवर भागवावं लागतं.

वीज, सिमकार्ड?

२३० व्होल्ट. सॉकेट तीन प्रकारचे, तेव्हा सार्वत्रिक अॅडाप्टर आणि पॉवर बँक हवी. वीज दिवसातून अनेकदा जाते आणि जनरेटर सुरू होईपर्यंत लिफ्ट अडकते. सिम पासपोर्ट दाखवून मिळतं. शाळांच्या सरकारी परीक्षांच्या दिवसांत पेपर फुटू नयेत म्हणून सकाळी काही तास इंटरनेटच बंद ठेवतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते नको ती कल्पना करतात.

औषधं?

मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. तीव्र वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांबाबत जास्त काळजी घ्या, अमली पदार्थांवर कडक कारवाई चालते. ओआरएसची दहा पाकिटं कमीत कमी.

परतीच्या दिवशी किती आधी निघायचं?

बगदाद विमानतळासाठी उड्डाणाच्या चार तास आधी आवारात पोचायला हवं. इमारतीत शिरायच्या कितीतरी आधी गाडी थांबते, सगळं सामान उतरवून ओळीत मांडतात, माणसं बाजूला उभी राहतात आणि कुत्रा वास घेत फिरतो. मग पुन्हा गाडीत, पुन्हा यंत्रातून, पुन्हा दाराशी. बॅगेला कुलपाऐवजी साधी चेन ठेवा, आणि उरलेले दिनार आदल्या संध्याकाळीच सराफाकडे बदलून घ्या.